बाय, पासपोर्ट तुझा तुझ्याकडेच ठेव

बाय, बँकॉकचं ठरलं म्हणून आईने फोन करून सांगितलं. बोलताना ती आनंदातही होती आणि धास्तावलेलीही. कॉलेज संपलं, आता तुम्ही सगळी मिळून पहिल्यांदाच देशाबाहेर निघालात, मला मनापासून बरं वाटलं. खुशाल जा. पण त्याआधी माझं थोडं निवांत ऐकून घे, कारण या गोष्टी आईला सुचायच्या नाहीत आणि तुमच्या ग्रुपवर कोणी काढायचं नाही.

आई म्हणाली असेल, "सगळ्यांबरोबरच राहा गो, एकटी कुठे जाऊ नको." तिचं बरोबरच आहे. मला मात्र काळजी वाटते ती वेगळीच. ग्रुप असला की माणूस स्वतःचं बघायचं सोडून देतो. तिकिटं एकाकडे, हॉटेलचं नाव दुसऱ्याच्या फोनमध्ये, पैसे तिसरीकडे, आणि पासपोर्ट हरवायला नकोत म्हणून सगळ्यांचे एकाच बॅगेत. तो बॅगवाला बाजाराच्या गर्दीत चुकला की सगळेच्या सगळे बिनकागदाचे. म्हणून तू तयारी अशी कर, की समजा तिसऱ्याच दिवशी तुला एकटीला परत फिरावं लागलं, तर कोणाला न विचारता तू पेडण्याला घरी पोचशील. अशी तयारी असली की ग्रुपमध्ये मजाही जास्त येते. कोणावर तुझा भार नाही आणि तूही कोणाच्या मर्जीवर नाहीस.

सुरुवात तिकिटापासून कर. आत्ताच उघड आणि गोव्यापुढे कोणती अक्षरं आहेत ती बघ. जीओएक्स असेल तर आपलं मोपा, जीओआय असेल तर दाबोळी. 5 जानेवारी 2023 ला मोपाहून विमानं उडायला लागली तेव्हापासून आपल्याकडे दोन विमानतळ झालेत. घाईत स्वस्त तिकीट शोधणाऱ्याच्या हे लक्षात राहत नाही. येतानाचंही बघ. नाहीतर बाबा रात्रीचे मोपाला गाडी घेऊन उभे आणि तू झुआरीच्या पलीकडे. बँकॉकचंही तसंच आहे, सुवर्णभूमी वेगळं आणि डॉन मुआंग वेगळं. बीकेके म्हणजे पहिलं, डीएमके म्हणजे दुसरं, आणि दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या टोकांना.

तुमचं विमान मुंबईला बदलायचं आहे. दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमधली आहेत का, ते ज्याने काढली त्याला विचार. वेगवेगळी असली तर सामान मुंबईला उतरवून घ्यायचं आणि पुन्हा द्यायचं, त्याला वेळ लागतो. गोव्यातून निघताना काउंटरवर बॅगेला जी कागदी पट्टी लावतात ती वाच. तिच्यावर बीकेके आहे की बीओएम, म्हणजे बॅग बँकॉकला जाणार की मुंबईलाच उतरणार, ते तिथेच कळतं. बाकीचे सेल्फी काढत असतील. तू पट्टी वाच.

पासपोर्ट तुझा तुझ्याकडे, हे पुन्हा सांगते. त्याची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक हवी. आणि नाव. आपल्याकडच्या आडनावांचा घोळ तुला ठाऊक आहे. जन्मदाखल्यावर गावकरमध्ये यू, शाळेच्या दाखल्यावर ओ, आधारवर तिसरंच काहीतरी. विमान कंपनी फक्त पासपोर्ट बघते. तिकिटावरचं नाव त्याच्याशी अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. चूक आज दुरुस्त होते, निघायच्या दिवशी काउंटरवर नाही.

थायलंडला उतरण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. 1 मे 2025 पासून ते सक्तीचं आहे आणि फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारची नव्हे, लगेच बंद कर. व्हिसाचे नियम ते लोक अधूनमधून बदलतात, तेव्हा कोणाच्या रीलवर विसंबू नको. थाई दूतावासाच्या साइटवर स्वतः वाच. हॉटेलचं नाव-पत्ता आणि परतीचं तिकीट कागदावर छापून घे. हॉटेलात पोचलीस की रिसेप्शनवरून थाई लिपीत पत्ता असलेलं कार्ड माग आणि ते पर्समध्ये असू दे. फोनची बॅटरी संपली तरी टॅक्सीवाल्याला ते दाखवता येतं.

पैशांचं थोडक्यात सांगते. थोडे बात, म्हणजे थाई चलन, रोख, बाकी फॉरेक्स कार्डावर, आणि ते दोन्ही एकाच जागी ठेवायचे नाहीत. इथे भाजीवालीकडेही यूपीआय चालतं म्हणून तिथेही चालेल असं धरून जाऊ नको. दुकानात कार्ड घासल्यावर मशीन विचारतं, रुपयांत घेऊ की बातमध्ये. नेहमी बात निवड. रुपये निवडलेस की दर ते लावतात आणि तो तुला महाग पडतो. टूरवाल्याने पैसे घेताना टीसीएस नावाचा कर घेतला असेल तर त्याची नोंद बाबांना दे, रिटर्न भरताना तो हिशेबात धरता येतो. ग्रुपच्या सामाईक खर्चाचं रोज रात्री लिहून टाका. पाच दिवसांनी शेवटी हिशेब काढायला बसलात की मैत्री बिघडते.

बॅग भरताना पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, मोठ्या बॅगेत टाकलीस तर उघडून काढायला लावतील. 20,000 एमएएचची साधारण 74 वॉट-अवरची भरते आणि मर्यादा 100 ची आहे, तेव्हा तुझी चालेल. कोणाकडे ई-सिगारेट असेल तर ती घरी ठेवायला सांग, थायलंडमध्ये तिच्यावर बंदी आहे आणि ती नुसती जवळ असली तरी पोलीस पकडतात. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. आई शागोतीचा मसाला बांधून देईल, तो या खेपेला राहू दे. त्यात खसखस असते, आणि पुढे कधी दुबईला किंवा सिंगापूरला गेलीस तर हे कायमचं लक्षात ठेव, तिथे खसखस न्यायला बंदी आहे. आपल्या हे स्वप्नातही येत नाही.

सोमवारी तुला शिवराक लागतं, तेही मनात धरून चाल. थाई जेवणात भाजीतही माशाचा सॉस घालतात, आणि नुसतं "मांस नको" म्हटलं तर तो सॉस त्यांच्या लेखी मांस नव्हे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेलं दुकान शोध, तिथे मासळी-मांस काहीच नसतं. बाकीच्या दिवशी मात्र मनसोक्त खा, तिथली मासळी आणि नारळाचा रस तुला परका वाटायचा नाही.

आता एक गोष्ट, जी आपल्या पेडण्याच्या पोरांना बाकीच्यांपेक्षा जास्त कळायला हवी. हरमल, मोरजे, मांद्रे, आश्वे, या किनाऱ्यांवर परदेशी पाहुणे बघतच आपण लहानाचे मोठे झालो. त्यांचं काय खटकायचं ते आठव. उघड्या अंगाने देवळासमोरून जाणं, न विचारता कोणाच्याही अंगणाचे फोटो काढणं, रात्री दोनला गाणी लावणं, हेल्मेट नसताना भाड्याची स्कूटर पिटाळणं. बँकॉकमध्ये तो पाहुणा तू असणार आहेस. तिथल्या देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एक ओढणी कायम पर्समध्ये टाक. राजघराण्याबद्दल थट्टेनेही काही बोलायचं किंवा टाकायचं नाही. तिथल्या फौजदारी कायद्याच्या कलम 112 खाली त्याला तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे. नोटेवर राजाचं चित्र असतं, उडाली म्हणून ती पायाने दाबायची नाही.

आणि स्कूटरचं. तू रोज पेडण्याहून म्हापशाला गाडी चालवतेस, हात पक्का आहे तुझा, मला माहीत आहे. तरीही आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घेतल्याशिवाय तिथे हँडल धरू नको. परवाना नसताना किंवा दारू पिऊन अपघात झाला तर प्रवासविमा सहसा पैसे देत नाही, आणि परदेशातल्या इस्पितळाचं बिल आपल्या घराला झेपणारं नाही. गाडीसाठी किंवा जेट-स्कीसाठी पासपोर्ट गहाण मागितला तर सरळ निघून ये. जेट-स्की घेतलीच तर आधी तिचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढ. पट्टायाला जुनेच ओरखडे दाखवून पैसे उकळण्याचे प्रकार होतात.

यापुढचं नीट ऐक, बाय. जून 2022 मध्ये थायलंडने गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि रस्तोरस्ती दुकानं उघडली. जून 2025 मध्ये नियम पुन्हा कडक करून तो डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला. तिथे काय चालतं ते त्यांच्यापाशी, आपल्या कायद्याने तो गुन्हा आहे. बँकॉकहून येणाऱ्या सामानात हायड्रोपोनिक गांजा मुंबईच्या विमानतळावर पुन्हा पुन्हा सापडतो. आणणाऱ्यांत तरुण पोरंपोरी असतात. कोणीतरी त्यांना ट्रिप फुकट घडवलेली असते, आणि बदल्यात एवढंच, की येताना ही एक बॅग आण. खाऊच्या पाकिटांत, खेळण्यांच्या खोक्यांत माल बंद केलेला असतो. अमली पदार्थांविरुद्धचा आपला एनडीपीएस कायदा 1985 चा आहे आणि त्याच्या कलम 35 प्रमाणे कोर्ट आधी असंच धरून चालतं, की तुला सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं हे सिद्ध करायचं काम तुझं. 20 किलोहून जास्त गांजा निघाला तर किमान 10 वर्षं तुरुंग.

तू असलं काही करणार नाहीस, हे मला तुझ्याइतकंच ठाऊक आहे. मला भीती आहे ती मैत्रीखातर होणाऱ्या गोष्टीची. परतीच्या दिवशी कोणीतरी म्हणेल, "माझी बॅग जड झाली गो, हे पाकीट तुझ्यात टाक." तेव्हा संकोच करायचा नाही. पाकीट समोर उघडायला सांग. उघडलं नाही तर ठेवायचं नाही, मग तो वर्गमित्र असो की चुलतभाऊ. रागावेल, रागावू दे. बॅग तू स्वतः भर, कुलूप तू लाव, आणि काउंटरवर "सामान तुम्हीच भरलं का" असं विचारलं की खरं तेच सांगता यायला हवं.

तसंच नोकरीचं. डिग्री हातात आहे, काम नाही, अशा वेळी तिथे कोणी गोड बोलून "इथेच डेटा एन्ट्रीचं काम आहे, पगार डॉलरमध्ये" म्हणालं, तर त्याच्या गाडीत बसायचं नाही. असं सांगून थायलंडमार्गे म्यानमारच्या हद्दीत नेलेल्या आणि तिथे सायबर फसवणुकीला जुंपलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमधल्या माए सोतहून परत आणावं लागलं. तुझ्यासारखीच घरची पोरं ती.

तरीही काही झालंच, तर घाबरून बसू नको. थायलंडमध्ये टुरिस्ट पोलिसांचा नंबर 1155, तिथे इंग्रजी बोलतात. आपला दूतावास सुखुमवित रस्त्याच्या सोई 23 मध्ये आहे. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग तिचा कागद घेऊन दूतावासात. ते इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, त्यावर भारतात परत येता येतं. त्यासाठी पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत आणि दोन फोटो लागतील, ते पासपोर्टपासून वेगळे, दुसऱ्या बॅगेत टाक. विम्याचा नंबर आणि मदतीचा फोन कागदावर लिहून त्याच्यासोबत.

आईला रोजची एक वेळ देऊन टाक. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, इथे रात्रीचे आठ म्हणजे तुझे साडेनऊ. रोज लांबलचक बोलायला नको, पोचले, जेवले, खोलीत आहे, एवढं पुरे. ती मग बाबांना शांत झोपू देईल. दिवसागणिक कुठे असाल, कुठल्या हॉटेलात, त्याचा एक कागद तिच्याकडे ठेव आणि ग्रुपमधल्या निदान दोघांचे नंबर त्यावर लिही.

आणि रात्री सगळे क्लबला निघाले आणि तुला नको वाटलं तर नको म्हण. खोलीत राहा, पुस्तक वाच, झोप. एवढ्या लांब गेलो म्हणून सगळंच केलं पाहिजे असं कोणी सांगितलेलं नाही. जायचं असेल तर ग्लास हातातून सोडू नको, आणि परत कसं यायचं ते जायच्या आधी ठरव. तुमच्यात कोणी जास्त प्यायली तर तिला एकटीला टॅक्सीत बसवून देऊ नको, तू बरोबर जा.

आज संध्याकाळी तिकीट आणि पासपोर्टचं पहिलं पान, दोन्हीचे फोटो मला पाठव. नाव मी जुळवून बघते. विमा अजून काढला नसेल तर तोही आजच आपण दोघी मिळून काढू.