कुत्रीचा पहिला माज आणि तुमच्या धंद्याचं कॅलेंडर



पेट व्यवसायावरच्या आपल्या व्हिडिओखाली आणि माझ्या दुकानाच्या काउंटरवर एक प्रश्न ठरलेला असतो. "दादा, आमची मादी पहिल्यांदा हीटवर आली, एखादा चांगला नर सांगा ना." विचारणारा बहुतेक वेळा विशी-पंचविशीतला असतो. घरात एक लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डची मादी असते आणि डोक्यात पिल्लांच्या विक्रीचं गणित तयार असतं. त्या गणिताची पहिलीच पायरी चुकलेली असते, म्हणून आजचा धडा पहिल्या माजावर.

ब्रीडिंग करणार नसाल तरी हा धडा सोडू नका. बोर्डिंग, ग्रूमिंग किंवा साधं खाद्याचं दुकान टाकलं तरी ग्राहक हेच विचारणार आहे. ज्याच्याकडे नीट उत्तर असतं, त्याच्याकडे तो पुढची दहा वर्षं येतो.

गाईचा हिशोब कुत्रीला लावू नका

आपला नगर जिल्हा दुधाचा. लोणी, घोडेगावचे जनावरांचे बाजार बघत आपण मोठे झालो. गाय माजावर आली हे आपल्याकडे शाळकरी पोरगंही सांगतं. काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट दिसला, गाय हंबरायला लागली, दुसऱ्या गाईला अंगावर चढू द्यायला लागली की डॉक्टरला फोन. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची. उलटली तर साधारण २१ दिवसांनी पुन्हा संधी.

कुत्रीचं यातलं जवळजवळ काहीच जुळत नाही. कालवडीला कधीकधी माज होऊन गेल्यावर रक्त दिसतं, कुत्रीला ते माजाच्या सुरुवातीला दिसतं. गाईचा माज तासांत मोजतात, कुत्रीचा साधारण तीन आठवडे चालतो. संधी हुकली तर २१ दिवस नाही, सरासरी सहा-सात महिने थांबावं लागतं.

काही ताई याला "पाळी" म्हणतात. तेही बरोबर नाही. बाईच्या पाळीत गर्भधारणा न झाल्यामुळे गर्भाशयाचं अस्तर बाहेर पडतं. कुत्रीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं आणि गर्भाशय पुढच्या तयारीला लागतं, त्या वेळी रक्त झिरपतं. म्हणजे रक्त दिसलं तेव्हा गर्भ राहण्याचे दिवस पुढे असतात. "रक्त थांबलं, आता सोडा मोकळी" असं समजून मादी अंगणात सोडली जाते आणि नको ती पिल्लं होतात, त्याचं कारण हेच.

चार टप्पे

१. माजापूर्व काळ. साधारण ९ दिवस, पण ३ पासून १७ पर्यंत काहीही. योनीला सूज, रक्ताचे थेंब, सारखं चाटणं, थोडी थोडी लघवी. नर मागे लागतात, पण मादी बसते किंवा अंगावर जाते.

२. खरा माज. हाही सरासरी ९ दिवस. स्राव फिकट, गवताच्या रंगासारखा होतो, सूज मऊ पडते. पाठीवर शेपटीजवळ हात ठेवला की मादी स्थिर उभी राहते आणि शेपूट एका बाजूला घेते. मात्र काही माद्यांत रक्त शेवटपर्यंत दिसतं, त्यामुळे फक्त रंगावर विसंबू नका.

३. माजोत्तर काळ. साधारण दोन महिने. गाभण असो वा नसो, प्रोजेस्टेरॉन दोन्हीकडे वाढलेलं राहतं. पुढे येणारी "खोटी गाभण" यातूनच निघते.

४. विश्रांती. चार-पाच महिने. शरीर पूर्वपदावर येतं.

आणखी एक. कुत्रीला बाईसारखी रजोनिवृत्ती नसते. म्हातारपणातही माज येत राहतो, फक्त अंतर वाढत जातं.

पहिला माज कधी येतो?

पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत सहा ते दहा महिन्यांत येऊ शकतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड साधारण वर्षाच्या आगेमागे. ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींत दीड-दोन वर्षंही लागतात. आपल्या महाराष्ट्राच्या कारवान हाउंडसारख्या शिकारी हाउंड जाती उशिरा परिपक्व होतात, तिथे घाई तर मुळीच नको. दोन वर्षं उलटूनही काहीच दिसलं नाही, तर पशुवैद्यकाला दाखवा.

"माज भाद्रपदातच येतो ना?" हाही प्रश्न येतो. भटक्या कुत्र्यांत पावसाळ्याच्या उत्तरार्धात वीण जास्त दिसते, त्यावरून आपल्या भाषेत भाद्रपद आला. घरातल्या मादीला माज कोणत्याही महिन्यात येऊ शकतो. फक्त भाद्रपदाच्या आसपास आला, तर गेटबाहेर गर्दी जास्त असेल एवढं धरून चला.

पहिल्या माजात दोन गमती होतात. एक, मुका माज: सूज आणि रक्त इतकं कमी की मालकाला कळतच नाही. दुसरी, तुटक माज: रक्त सुरू होतं, आठवडाभरात थांबतं आणि काही आठवड्यांनी पुन्हा खरा माज येतो. तरुण मादीत हे बऱ्याचदा दिसतं आणि त्याने बिघडत काही नाही. पण "रक्त दिसल्यापासून अकराव्या दिवशी मेटिंग" असा ठोकताळा लावणारा इथे हमखास फसतो.

पहिल्या माजाला मेटिंग का नको?

शेतकऱ्याला विचारा, कालवड पहिल्या माजाला भरवतो का? नाही. वजन, हाडपेर भरेपर्यंत थांबतो. कुत्रीला तोच न्याय. पहिल्या माजाला ती स्वतः वाढत असते. पिल्लांना लागणारं कॅल्शियम, प्रथिनं तिच्याच अंगातून जातात, आणि पिल्लं सांभाळायची समजही अजून आलेली नसते.

दुसरं कारण कायदा. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० खाली २०१७ साली कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीचे नियम आले. त्यातले आपल्या कामाचे मुद्दे:

- ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची.
- मादी किमान १८ महिन्यांची हवी.
- लागोपाठच्या दोन माजांत मेटिंग नाही.
- आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेत नाहीत, आणि आठ वर्षांनंतर प्रजनन नाही.
- आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही.

पेट शॉपसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत, तिथेही नोंदणी लागते. "घरगुतीच करतो हो" हे उत्तर तपासणीला चालत नाही.

आता वही काढा, हिशोब मांडू

समजा तुम्ही दोन महिन्यांची मादी घेतली. पहिला माज नवव्या महिन्यात आला आणि अंतर सात महिन्यांचं निघालं.

- ९ वा महिना: पहिला माज. मेटिंग नाही.
- १६ वा महिना: दुसरा माज. १८ महिने झालेले नाहीत, मेटिंग नाही.
- २३ वा महिना: तिसरा माज. आरोग्य तपासणी करून मेटिंग.
- २५ वा महिना: बीजांड सुटल्यापासून साधारण ६३ दिवसांनी पिल्लं.
- २७ वा महिना: आठ आठवडे पूर्ण, पहिली विक्री.

म्हणजे मादी विकत घेतल्यापासून २५ महिने खाद्य, लसी, जंतनाशक, डॉक्टर सगळं खिशातून. त्यानंतर एक माज सोडून एक, म्हणजे दर १४ महिन्यांनी एक वेत: २३, ३७, ५१, ६५ आणि ७९ व्या महिन्यात मेटिंग. पाच वेत झाले, मादी साडेसहा वर्षांची, तुमचा कोटा संपला. त्यानंतरची तिची सगळी वर्षं तुम्हीच सांभाळायची आहेत. तो खर्च पहिल्या दिवशी वहीत लिहा.

मुद्रा कर्जाचा हप्ता सहाव्या महिन्यापासून पिल्लांवर फेडायचा प्लॅन करत असाल, तर तो प्लॅन आजच फाडा. या मधल्या दोन वर्षांत घर चालवायला दुसरा गल्ला हवा: खाद्य, ग्रूमिंग, बोर्डिंग, ट्रेनिंग. ज्याच्याकडे तो नसतो, तो कर्जाच्या दडपणाखाली पहिल्या माजालाच मादी क्रॉस करतो. आणि तिथून मादीही बिघडते, धंदाही.

पहिल्या माजाचे तीन आठवडे

मेटिंग नाही, मग काम काय? दोन कामं: सांभाळणं आणि नोंद.

सांभाळणं असं: पहिला थेंब दिसल्यापासून किमान चार आठवडे मादी पट्ट्याशिवाय बाहेर नाही. गच्चीही सुरक्षित धरू नका. नर कुंपणावरून उडी मारतो, गेटखालून माती उकरतो. डायपर फरशी स्वच्छ ठेवतो, मेटिंग थांबवत नाही, हे ग्राहकाला विकतानाच सांगा. घरात भाऊ किंवा बाप असलेला नर असेल तर दोघांमध्ये दोन दारं हवीत, एक नाही. कुत्र्याला नातं कळत नाही.

चुकून भटक्या नराशी संबंध आला, तर पिल्लांपुरतीच भीती नसते. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांत संबंधातून पसरणारा टीव्हीटी नावाचा गाठींचा कर्करोग आढळतो. त्यावर उपचार आहे, पण आठवड्यागणिक इंजेक्शनं घ्यावी लागतात. अशा वेळी मेडिकलमधून ऐकीव माहितीवर "पिल्लं पाडायचं इंजेक्शन" आणू नका. इस्ट्रोजेनच्या अशा इंजेक्शनने गर्भाशयात पू होऊ शकतो, रक्त तयार होण्याची क्रियाही बिघडू शकते. थेट पशुवैद्यक गाठा.

बोर्डिंगवाल्यांनी प्रवेश अर्जात एक रकाना वाढवा: "शेवटचा माज कधी आला?" माजावरची मादी इतर कुत्र्यांबरोबर ठेवली तर नरांच्या मारामाऱ्या होतात आणि जबाबदारी तुमची. वेगळी खोली नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

माज संपला, लक्ष संपवू नका

माजानंतर सहा-आठ आठवड्यांनी एखादा ग्राहक घाबरून येतो. मेटिंग झालं नाही, तरी मादीला दूध आलंय, चादरी गोळा करून कोपरा धरलाय, खेळणं पिल्लासारखं जवळ घेतलंय. ही खोटी गाभण. प्रोजेस्टेरॉन उतरतं, प्रोलॅक्टिन चढतं, शरीराला वाटतं पिल्लं झाली. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप जाते. दूध पिळू नका, पिळलं की आणखी येतं. सड कडक, गरम झाले तर डॉक्टर.

धोक्याचं दुसरंच: मादी खूप पाणी पितेय, जेवत नाही, उलट्या, मरगळ, मागून घाण वासाचा स्राव किंवा पोट फुगलेलं. हा पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू असू शकतो. तोंड बंद असेल तर स्राव दिसतही नाही. मोठ्या वयात जास्त, पण तरुण मादीतही होतो. हे "उद्या बघू"चं काम नाही, त्याच दिवशी दवाखाना.

नसबंदीचा सल्ला

पिल्लं नको असलेल्या ग्राहकाला नसबंदीबद्दल स्पष्ट सांगा. १९६९ च्या एका अमेरिकन अभ्यासात पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या माद्यांत स्तनाच्या गाठींचा धोका फारच कमी दिसला होता. पुढे २०१२ मध्ये जुन्या अभ्यासांची फेरतपासणी झाली, तेव्हा तो पुरावा वाटतो तितका भक्कम नाही असं निघालं. मोठ्या जातींत हाडांच्या वाढीचाही विचार करावा लागतो. म्हणून वय पशुवैद्यक ठरवेल. आपण एवढंच सांगायचं: भर माजात शस्त्रक्रिया शक्यतो टाळतात, कारण रक्तपुरवठा वाढलेला असतो. साधारण दोन-तीन महिने थांबतात.

या आठवड्याचा गृहपाठ

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक मादीला दोन पानं. रकाने असे: पहिला थेंब दिसल्याची तारीख, सूज, स्रावाचा रंग, शेपूट बाजूला घेतल्याची तारीख, स्राव थांबल्याची तारीख, वजन, दोन महिन्यांनंतरची तब्येत. पहिल्या माजाची ही नोंदच तिसऱ्या माजाला पैसे वाचवते. तुमची मादी लवकर तयार होते की उशिरा, हे तेव्हा अंदाजे माहीत असतं, आणि प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी कोणत्या दिवसापासून सुरू करायची हे डॉक्टर तुमच्या वहीवरून ठरवतात. तुमच्या जवळची कोणती लॅब ही तपासणी करते, तेही आत्ताच विचारून त्याच वहीत लिहा.

आणि दुकानात पुढच्या वेळी कोणी "नर सांगा" म्हणालं, तर आधी विचारा, "ताई, वय किती? हा कितवा माज?" वही नसेल तर एक वही विका. धंदा तिथूनच सुरू होतो.

तुमच्या मादीची नोंद कशी झाली ते कळवा. पुढच्या धड्यात तिसऱ्या माजाची तयारी: आरोग्य तपासणी, नराची निवड आणि नरमालकाबरोबरचा लेखी करार.