उघड्या आकाशाखालची शिल्पे

शिल्प म्हटले म्हणजे आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे वेरूळची लेणी येतात, किंवा एखाद्या मोठ्या शहराच्या चौकातील पुतळा येतो. परदेशांतील कित्येक लहान गावांनी मात्र निराळीच प्रथा पाडली आहे. गावच्या रस्त्यांवर, बागेत व नदीकाठी शिल्पे मांडावयाची आणि येणाऱ्याजाणाऱ्याने ती चालता चालता पाहावयाची. त्यास दार नाही, तिकीट नाही, पहारेकरी नाही. अशी शिल्पवाट आपल्या भागात आहे काय, असे कोणी विचारल्यास आम्ही आहे असेच म्हणू. ती नंदुरबारहून निघून तळोदा, अक्कलकुवा व मोलगी ह्या मार्गाने काठीस जाते आणि डोंगरापलीकडे नर्मदेशी संपते. ती कोणी योजून मांडलेली नाही, म्हणून ती पाहण्यास थोडा अभ्यास लागतो, इतकेच.

नंदुरबारच्या माणिक चौकातील हुतात्मा स्मारकापासून आरंभ करू. ता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी ह्या गावात निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शाह, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शाह हे पाच जण मृत्यू पावले. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता. म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील मुलांच्याच वयाचा. ह्या स्मारकात कोरीव कामाची चतुराई शोधू नये. ज्या गावात ही मुले वाढली व पडली त्याच गावाच्या रहदारीत ते उभे आहे, भाजी घेऊन जाणाऱ्या बाईलाही त्याला वळसा घालूनच जावे लागते, हेच त्याचे बळ. तेच एखाद्या कुंपणात बंद केले असते तर वर्षातून एकदा हार घालण्यापलीकडे त्याची आठवण कोणास राहिली असती, ह्याची आम्हांस शंकाच आहे.

शूराची आठवण उघड्यावर ठेवण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. गावाबाहेर किंवा देवळाच्या आवारात जे वीरगळ दिसतात, ते खालून वर वाचावयाचे असतात. तळच्या चौकटीत लढाई, तिच्यावर वीरास स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर बहुधा चंद्रसूर्य. जोवर चंद्रसूर्य आहेत तोवर ही कीर्ती राहो, असा त्याचा आशय. मुंबईजवळ बोरिवलीस एकसर येथील वीरगळांवर तर समुद्रातील लढाई व वल्ह्यांची जहाजे कोरली आहेत. अक्षर न जाणणाऱ्या माणसालाही दगडावरची ही हकीकत वाचता येत असे. आज अक्षर जाणणारे आपण त्याच दगडावर कपडे आपटतो!

आता डोंगर चढून काठीस येऊ. पश्चिम खानदेशात जी मेहवासी संस्थाने होती त्यांपैकी काठी हे एक. संस्थाने गेली, परंतु काठीची राजवाडी होळी राहिली. तिची परंपरा इ. स. १२४६ पासूनची सांगतात. ह्या होळीत लाकडांचा ढीग मुख्य नसून दांडा मुख्य असतो. हा दांडा म्हणजे सुमारे साठ-सत्तर फूट उंचीचा एकच बांबू. तो गुजरातच्या बाजूच्या जंगलातून निवडून आणतात. त्यासाठी खणावयाच्या खड्ड्यास कुदळ-फावडे लावीत नाहीत. माती हातांनी काढतात. आंब्याची पाने, खोबरे, साखरेचे हारकंगण अशा वस्तूंनी दांडा सजतो, आणि मग तो माणसांच्या बळावर उभा केला जातो.

येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबावे. बांबू हे झाड नव्हे, ते गवत आहे. तो आतून पोकळ असतो व त्याचे बळ बाहेरच्या सालीकडे एकवटलेले असते. शिवाय ठिकठिकाणची पेरी त्यास चेपू देत नाहीत. म्हणूनच तेवढ्याच वजनाच्या भरीव काठीपेक्षा तो कितीतरी कमी वाकतो. दांडा आडवा असताना तो उचलणे सर्वांत कठीण. जसजसा तो उभा होत जातो तसतसा भार कमी जाणवतो, परंतु तोल जाण्याचे भय वाढते. कोणी केव्हा ओढावे व कोणी केव्हा सैल सोडावे, हे पुस्तकात लिहिलेले नसते. ते बापाच्या शेजारी उभे राहूनच मुलास कळते.

दांड्याभोवती रात्रभर ढोलाच्या तालावर नाचणारे बुध्ये हेही आमच्या मते शिल्पच होय. फरक इतकाच की ते चालते आहे. अंगावर राखेचे पांढरे ठिपके, कमरेस वाळलेले भोपळे व घुंगरू, मस्तकावर बांबूच्या कामट्यांचा व मोरपिसांचा उंच टोप. हे रूप घेणारा पुरुष त्याआधी काही दिवस व्रतस्थ राहतो. खाटेवर निजत नाही. तो टोप बांधण्यास लागणारी हातोटी कोणत्याही सुताराच्या हातोटीहून कमी नाही.

पहाटे दांडा पेटवितात आणि इतक्या श्रमांनी उभारलेली वस्तू जळून जाते. जे एका रात्रीत संपते त्यास शिल्प कसे म्हणावे, असा आक्षेप कोणी घेईल. आमचे उत्तर असे की, दगडाचे शिल्प टिकविण्यास दगड पुरतो, पण हे शिल्प टिकविण्यास दरवर्षी माणसे लागतात. एक पिढी कामासाठी ऊस तोडण्यास परप्रांती गेली व होळीस परतली नाही, तर मोडण्यासाठी मागे काहीच उरणार नाही.

दुसरा आक्षेप आमच्या ख्रिस्ती पालकांचा आहे आणि तो आम्ही हलका मानीत नाही. कोरीव मूर्तीपुढे नमू नये ही आज्ञा आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. ती आम्हांसही बंधनकारक आहे, आणि होळीच्या पूजेत भाग घ्या असे आम्ही कोणास सांगत नाही. परंतु ज्या निर्गमाच्या पुस्तकात ती आज्ञा आहे, त्याच पुस्तकात बसालेल नावाच्या कारागिरास लाकूड व पाषाण कोरण्याचे कौशल्य देवानेच दिले असे लिहिले आहे. आणि यहोशवाने यार्देन नदीतून बारा धोंडे उचलून आणविले ते कशासाठी? पुढे मुलांनी त्यांविषयी विचारावे व बापांनी सांगावे म्हणून. आमच्या वसतिगृहातील डोंगरी पाड्यांवरची मुले घरच्या कारागिरीविषयी विचारले असता खाली पाहतात. ती लाज त्यांस धर्माने शिकविलेली नाही. ती आपण मोठ्यांनी शिकविली, आणि ती काढणे हे शाळेचे व घराचे मिळून काम आहे.

काठीच्या पलीकडे डोंगर उतरला की नर्मदा लागते. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ३३ गावांस झळ पोहोचली, ती ह्याच बाजूची. त्यांपैकी मणिबेली हे पहिले. तेथील शूलपाणेश्वराचे जुने मंदिर पाण्याखाली गेले व गुजरातेत गोरा येथे नवे बांधण्यात आले. त्याच धरणाच्या खालच्या अंगास ता. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा उघडण्यात आला. त्याचे शिल्पकार राम सुतार आपल्याच खानदेशातले. धुळ्याजवळील गोंदूर गावी १९२५ साली त्यांचा जन्म झाला, मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत ते शिकले, आणि २०२५ साली, वयाची शंभरी ओलांडून, निवर्तले. खेड्यातील एका मुलाचा हात कोठवर पोहोचतो हे पाहण्यास तो पुतळा जरूर पाहावा. मात्र पुतळ्याच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर एकदा मान वळवून धरणाच्या भिंतीमागच्या पाण्याकडेही पाहावे. तेथे कोणता पाडा होता व त्याच्या शिवेवर काय उभे होते, हे मणिबेलीकडचा एखादा वृद्ध भेटल्यास त्यास विचारावे. तो सांगेल ते मुलांनी वहीत उतरून आणावे. पुढील वर्षीच्या अंकात त्यास जागा देऊ.

काठीस जाणाऱ्यांनी होळी पौर्णिमेच्या दिवशी उजेडीच मोलगी गाठावी. दांडा उभा होताना पाहावयाचा असेल तर रात्र तेथेच काढावी लागते. सकाळी पोहोचणाऱ्यास राखच दिसते.