विनिपेगची पलटण

कॅनडा देशात विनिपेग नावाचे एक शहर आहे. भोवती गव्हाची सपाट रानं. हिवाळ्यात थंडी अशी की नद्यासुद्धा गोठतात. या शहराची पायदळाची एक पलटण होती. तिचे नाव विनिपेग ग्रेनेडियर्स. तिची हकीकत आज आपण वाचू.

१९४१ साल. दुसरे महायुद्ध चालू होते. ऑक्टोबरात पलटणीला हुकूम आला, हाँगकाँगला चला. हाँगकाँग म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरचे बंदर. तेव्हा तिथे इंग्रजांचे राज्य होते. कॅनडाचीच आणखी एक पलटण बरोबर होती. सारी मिळून १,९७५ माणसे निघाली. काही पोरे ऐनवेळी घेतलेली. त्यांचे लढाईचे शिक्षणही पुरे झाले नव्हते. मोटारगाड्या दुसऱ्या बोटीने पाठवल्या. त्या हाँगकाँगला पोहोचल्याच नाहीत!

१६ नोव्हेंबरला माणसे उतरली. ८ डिसेंबरला जपानने हल्ला केला. म्हणजे पुरता महिनाही मिळाला नाही. त्या लढाईत आपल्या हिंदुस्थानच्या रजपूत आणि पंजाब पलटणीही होत्या.

विनिपेगच्या पलटणीत जॉन ऑस्बर्न होता. आपल्याकडे ज्याला कंपनी हवालदार मेजर म्हणतात, त्या हुद्द्याचा. १९ डिसेंबरला त्याच्या कंपनीला डोंगरावर शत्रूने घेरले. शत्रू हातबॉम्ब टाकत होता. ऑस्बर्न ते उचलून परत फेकत होता. एक बॉम्ब मात्र असा पडला की उचलायला वेळच नव्हता. ‘हटा!’ असे ओरडून त्याने त्यावर अंग टाकले. तो गेला, जवळची माणसे वाचली. १९४६ साली त्याच्या नावे व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

२५ डिसेंबरला, ऐन नाताळच्या दिवशी, हाँगकाँगने शरणागती पत्करली. तोफा थांबल्या. पण हाल थांबले का? नाही. ते तर आता कुठे सुरू झाले. उरलेले सारे कैदी झाले. पोटाला मूठभर भात. छावणीत घटसर्पाची साथ आली. औषध पुरेसे नव्हते. पुढे कित्येकांना जपानात नेऊन खाणीत राबवले. सुटका झाली ती १९४५ साली, पावणेचार वर्षांनी.

आता हिशेब मांडू. लढाईत कॅनडाचे सुमारे २९० जण पडले. कैदेत आणखी अडीचशेहून अधिक गेले. म्हणजे लढाई सतरा-अठरा दिवसांची, पण तिने नंतरही जवळजवळ तितकेच बळी घेतले. २०११ साली जपान सरकारने या कैद्यांची माफी मागितली. ती ऐकायला थोडेच म्हातारे शिपाई उरले होते.

ऑस्बर्नच्या शौर्याला आपण हात जोडतो. पण शिपायाचे शौर्य मोठे, म्हणून त्याला पाठवणाऱ्याची चूक लहान होत नाही. कुणाच्याही लेकाला रणात धाडण्याआधी त्याची तयारी झाली का, हे विचारायलाच हवे.

विचार करा : गाड्या आणि शिक्षण वेळेवर मिळाले असते, तर काय फरक पडला असता? आपल्या गावातल्या एखाद्या माजी सैनिकाला भेटा. त्याची हकीकत ऐका आणि चार ओळी लिहून काढा.