निकालाचा कागद

२४ तास म्हटलं की आमच्या मलकापुरात आधी नळाचं पाणी आठवतं, कारण इथली २४ तास पाणी योजना राज्यभर गाजली. मी लिहितोय ते मात्र फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या मोटार शर्यतीबद्दल. त्यातही शर्यतीपेक्षा तिच्या निकालपत्रकाबद्दल, कारण ते वाचणं हा एक स्वतंत्र विषय आहे.

उदाहरणाला २०१२ चं पत्रक घेऊ. ५६ गाड्या, एकच ट्रॅक, पण वर्ग चार. एलएमपी १ मध्ये सगळ्यात वेगवान प्रोटोटाइप, एलएमपी २ मध्ये खर्चावर मर्यादा असलेले प्रोटोटाइप, जीटीई प्रोमध्ये रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या गाड्या आणि जीटीई ॲममध्ये तशाच, पण वर्षभर जुन्या गाड्या अन् हौशी चालक. पहिली आली ऑडीची हायब्रिड, ३७८ फेऱ्या. एक फेरी १३.६२९ किलोमीटरची, म्हणजे गुणाकार ५१५० च्या वर जातो! हायब्रिड गाडीने ही शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

आता खाली या. सहाव्या ओळीत जेआरएम संघाची गाडी, ३५७ फेऱ्या, आणि चालकांत आपला करुण चंडोक. ल मान्समध्ये प्रत्यक्ष शर्यत धावलेला पहिला भारतीय. (२००९ मध्ये नारायण कार्तिकेयन पोचला होता, पण पिटच्या भिंतीवरून उडी मारताना खांदा निखळला आणि संधी हुकली.) २१ फेऱ्या मागे म्हणजे साधारण इथून पनवेल गाठण्याइतकं अंतर! पण पुढच्या पाचांत चार ऑडी होत्या. कारखान्याच्या फौजेपुढे एका खासगी संघाची साधी पेट्रोल गाडी सहावी, हे आकड्यात दिसत नाही. सातव्या गाडीच्या ३५४ फेऱ्या, तरी ती एलएमपी २ ची विजेती. जीटीई प्रोची फेरारी ३३६ वर, तीही विजेतीच. म्हणून आधी वर्गाचा रकाना बघायचा, मग क्रमांक.

सगळ्यात तळाशी असतात ‘वर्गीकृत नाही’ वाले. विजेत्याच्या ७० टक्के अंतर तोडायचं आणि शेवटचा झेंडाही घ्यायचा, असा नियम. २०१६ मध्ये शेवटच्या काही मिनिटांपर्यंत टोयोटा पुढे होती. टर्बो आणि इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीचा एक जोड बिघडला. पोर्शे जिंकली. दोघांच्याही फेऱ्या ३८४! पण टोयोटाची शेवटची फेरी ११ मिनिटं ५३ सेकंदांची, मुभा ६ मिनिटांची. पत्रकात तिला जागाच मिळाली नाही.

हे मी एवढं का शोधत बसलो? विद्यार्थ्यांच्या बग्गी स्पर्धेत चार तासांच्या शर्यतीत आमची गाडी साडेतीन तास पळाली आणि मागच्या हबचे बोल्ट तुटले. निकालात आमचा नंबर तळाला. हॉस्टेलवर आठवडाभर ‘काय, साडेतीन तास का?’ एवढंच ऐकत होतो. टीममधल्या कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगतो. आदल्या रात्री टॉर्क रेंच माझ्याच हातात होता. तीन चाकं तपासली, मेस बंद होईल म्हणून चौथं तसंच सोडलं आणि तक्त्यावर चारही खुणा केल्या.

तो तक्ता अजून वर्कशॉपच्या कपाटात आहे. चौथी खूण मी परवा खोडली.