पाणबुड्याच्या श्वासाचा हिशेब

जमिनीवर वावरणारा मनुष्य आपण किती हवा घेतो याचा विचार करीत नाही. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्रात उतरलेल्या पाणबुड्याला मात्र हा हिशेब क्षणभरही विसरून चालत नाही. फ्रेंच नौदलातील अधिकारी जाक-ईव्ह कूस्तो व अभियंता एमिल गान्यां यांनी १९४३ साली सिद्ध केलेल्या श्वसनयंत्राने पाणबुड्याची नौकेशी जोडलेल्या नळीपासून सुटका केली. परंतु नळीबरोबर वरून होणारा हवेचा अखंड पुरवठाही गेला.

या यंत्राची झडप प्रत्येक श्वासाला भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा देते. तसे नसते तर पाण्याच्या भाराखाली छाती फुगविणेच अशक्य झाले असते. पृष्ठभागावर दाब एक वातावरण असतो आणि दर १० मीटर खोलीस त्यात सुमारे एका वातावरणाची भर पडते. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते, हा बॉईलचा नियम. म्हणून छाती भरण्यास १० मीटरांवर दुप्पट, तर ३० मीटरांवर चौपट हवा खर्ची पडते.

१२ लिटरचे नळकांडे २०० बार दाबाने भरले आहे असे समजू. त्यात पृष्ठभागाच्या मापाने सुमारे २,४०० लिटर हवा असते. मिनिटास २० लिटर हवा घेणाऱ्यास ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल. ३० मीटरांवर अवघा अर्धा तास. त्यातही ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखून ठेवावयाचे. मग उरतात साडेबावीस मिनिटे. सावकाश वर येण्याचा वेळही यांतूनच काढावा लागतो. शिवाय थंडी, भीती किंवा उलटा प्रवाह यांनी श्वास जलद झाला की सारे गणित कोसळते.

आरंभीच्या अनेक यंत्रांना पाण्याखाली वाचता येईल असा दाबमापक नव्हता. त्याऐवजी स्प्रिंगची राखीव झडप असे. हवा कमी होताच श्वास ओढणे जड जाई. तेव्हा पाणबुड्या दांडी ओढून राखलेली हवा मोकळी करी व वर निघे. युक्ती नामी खरी. पण ती दांडी कशात तरी अडकून आधीच खाली गेलेली असली, तर राखीव हवा नकळत संपून जाई आणि श्वास जड झाला तो इशारा नसून शेवट असे. पुढे दाबमापक रूढ झाला. अर्थात त्याकडे वारंवार पाहिले तरच त्याचा उपयोग.

जलमय गुहेत तर डोक्यावर खडक असतो. सरळ वर येण्याची सोयच नाही. तेथे तृतीयांशाचा नियम पाळतात. २१० बारपैकी ७० बार खर्च होताच परत फिरावयाचे. ७० परतीसाठी, ७० राखीव. अगदी टोकाशी सोबत्याचे यंत्र बंद पडले, तर एकाच्या १४० बारवर दोघांना बाहेर यावे लागते, म्हणजे प्रत्येकी ७०. हिशेब तंतोतंत जुळतो. पण घाबरलेली माणसे जाताना घेतली तेवढीच हवा येताना घेत नाहीत. म्हणून अनुभवी पाणबुडे अनोळखी गुहेत ७० बार संपण्यापूर्वीच मागे वळतात.