फळांचा खाऊ: हंगामात एक दिवस, सकाळी पाच मिनिटे



मे महिन्याच्या अखेरीस मुरबाड, शहापूर, अंबरनाथ तालुक्यांतील रायवळ आंब्याच्या झाडाखाली फळांचा सडा पडतो. त्यातील बरीच फळे वेचली जात नाहीत. वेचली तरी बाजारात न्यायला परवडत नाहीत, ती तेथेच कुजतात. याच गावांपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर कल्याण, डोंबिवली आणि ठाणे ही शहरे आहेत. तेथील घरांत आई-वडील दोघेही पहाटे उठून ठरलेली लोकल पकडतात. मुलांच्या हाती पैसे दिले जातात आणि मधल्या सुट्टीत त्या पैशांचे वेफर्स किंवा गोड सोड्याची बाटली येते.

एकीकडे फळ वाया जाते आणि दुसरीकडे मूल फळावाचून राहते. या दोहोंत अडचण फळांची नाही, वेळेची आहे. सकाळच्या घाईत आंबा धुणे, सोलणे, रस काढणे आणि भांडी घासणे कोणालाच जमत नाही. हेच काम हंगामात एका सुट्टीच्या दिवशी घरातील सर्वांनी मिळून केले, तर पुढील दोन-अडीच महिने सकाळी पाच मिनिटांत शेक होतो. ते कसे करावे, याची माहिती या लेखात दिली आहे. शहरातील भगिनींना ती घरासाठी उपयोगी पडेल आणि गावातील बचत गटांना त्यात पूरक व्यवसाय दिसेल.

एक नियम आधी लक्षात ठेवावा: शेक घरात, पोळी डब्यात. दुधाचा शेक बाटलीत भरून गर्दीच्या गाडीतून किंवा दप्तरातून नेऊ नये. आपल्याकडील उष्ण व दमट हवेत तो लवकर नासतो. शेक घरीच पिऊन निघावे. डब्यात मात्र सुकवलेल्या फळांचा खाऊ द्यावा.

आंब्याचा गर साठविणे

किती गर लागेल, याचा हिशोब आधी करावा. एका पेल्याला १०० ग्रॅम गर पुरतो. चार माणसांच्या घरात आठवड्यातून एकदा शेक केला, तर १० आठवड्यांना ४० पेले, म्हणजे ४ किलो गर लागेल. रायवळ आंब्याच्या वजनाच्या सुमारे निम्मा गर निघतो, असे धरल्यास ८ किलो आंबे पुरेत. ४ किलो गर घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मावतो. यासाठी हापूसच हवा असे नाही. रायवळ आंब्यात दोरा अधिक असतो, पण गर चाळणीतून काढला की ती अडचण राहत नाही.

आंबे गवताच्या आढीत पिकविलेले घ्यावेत. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे.

कृती:
१) आंबे स्वच्छ पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावेत, देठाकडील चीक धुऊन काढावा व फळे पुसून घ्यावीत. डागी फळाचा नासलेला भाग काढून उरलेला वापरण्याचा मोह टाळावा. असे फळ बाजूला टाकावे.
२) साल व कोय काढून गर स्टीलच्या चाळणीतून गाळावा. लोखंडी किंवा पितळी भांडे वापरू नये.
३) १ किलो गरात १०० ग्रॅम साखर मिसळून मंद आचेवर सतत ढवळत गरम करावे. बुडबुडे येऊ लागल्यावर ५ मिनिटे ठेवावे. त्यामुळे गराचा रंग काळवंडत नाही आणि तो अधिक सुरक्षित होतो. उष्णतेने क जीवनसत्त्व काही प्रमाणात कमी होते, परंतु आंब्यातील कॅरोटीन, ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते, ते बऱ्याच अंशी टिकते.
४) भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवून गर निववावा. नंतर बर्फाच्या साच्यात भरून गोठवावा. गोठलेल्या वड्या पिशवीत भरून घट्ट बंद कराव्यात व त्यावर तारीख लिहावी.

साधारण ४ वड्यांचा एक पेला होतो. गोठलेला गर एकदा वितळला की पुन्हा गोठवू नये. वीज बराच वेळ गेल्यामुळे वड्या पूर्ण वितळल्या असतील, तर तो गर त्याच दिवशी उकळून संपवावा.

हे काम एकट्या गृहिणीवर टाकू नये. एकाने धुवावे, दुसऱ्याने सोलावे, मुलांनी साचे भरावेत. आठ किलो आंब्यांचे काम अशा रीतीने एका सकाळीत उरकते.

आंबापोळी

आंबापोळी, म्हणजेच साठ, हा कोकणातील जुना खाऊ आहे. १ किलो गरात १२५ ग्रॅम साखर व एका लिंबाचा रस मिसळून गर वरीलप्रमाणे गरम करावा. स्टीलच्या ताटाला तुपाचे बोट फिरवून गराचा पातळ थर, सुमारे अर्धा सेंटिमीटर जाडीचा, पसरावा. ताटावर मलमलचे कापड बांधून कडक उन्हात ठेवावे. पहिला थर सुकल्यावर त्यावर दुसरा द्यावा. बोटाला चिकटत नाही आणि ताटापासून अलगद सुटते, तेव्हा पोळी तयार झाली असे समजावे. १ किलो गरापासून ३०० ते ३५० ग्रॅम पोळी मिळते. तिच्या पट्ट्या कापून हवाबंद डब्यात ठेवाव्यात.

हे काम पावसाची सुरुवात होण्यापूर्वी संपवावे. जूनमध्ये हवा दमट झाली की पोळी सुकत नाही आणि तिच्यावर बुरशी येते. शहरात रस्त्याकडील गॅलरीत धूळ बसते, म्हणून इमारतीची गच्ची वापरावी. बरक्या फणसाच्या गऱ्यांपासूनही याच पद्धतीने फणसपोळी करता येते.

सुकेळी व सुका चिकू

वसई तालुक्यातील आगाशी परिसरात राजेळी केळ्यांची सुकेळी करण्याची परंपरा आहे. पूर्ण पिकलेली केळी सोलून उन्हात सुकवितात. त्यात साखर घालावी लागत नाही, कारण केळ्यातील पाणी कमी झाले की त्याची स्वतःची साखर त्याला टिकविते. फ्रीज व विजेचा वापर न करता फळ कसे टिकवावे, याचा हा आपल्याच भागातील उत्तम नमुना आहे. सुकेळीचा एक तुकडा मधल्या सुट्टीची भूक भागवितो.

डहाणू-घोलवड हा भाग १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. तेथील चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले पिकलेले चिकू सोलून, बिया काढून, चार फोडी करून तीन-चार दिवस उन्हात वाळवावेत. कच्चट चिकू घेतल्यास फोडी तुरट लागतात.

डब्यासाठी लाडू: सुका चिकू १०० ग्रॅम, बिया काढलेला खजूर १०० ग्रॅम व भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट १०० ग्रॅम मिक्सरमधून फिरवून १२ लाडू वळावेत. चूल पेटवावी लागत नाही, साखर लागत नाही आणि शेंगदाण्यातून प्रथिने मिळतात.

जांभूळ व कोकम

बदलापूरचे आणि पालघर जिल्ह्यातील बहाडोलीचे जांभूळ प्रसिद्ध आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ ही जांभळाची जात प्रसारित केली आहे. पण जांभूळ तोडल्यावर दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक टिकत नाही. कल्याण स्थानकाबाहेर टोपली घेऊन बसलेल्या भगिनीला संध्याकाळी उरलेला माल मिळेल त्या भावात द्यावा लागतो, तो यामुळेच.

१ किलो जांभळे धुऊन अर्धी वाटी पाण्यात मंद आचेवर मऊ होईपर्यंत गरम करावीत. निवल्यावर हाताने चोळून बिया वेगळ्या कराव्यात व गर गाळावा. या गराच्याही वड्या गोठवाव्यात.

कोकमाचे सरबत करण्यासाठी ताज्या फळांच्या १ किलो सालींना २ किलो साखर घ्यावी. काचेच्या बरणीत साल व साखर यांचे थर द्यावेत. रोज हलवीत ७ दिवस ठेवून पाक गाळून घ्यावा व फ्रीजमध्ये ठेवावा. १ भाग पाकास ५ ते ६ भाग पाणी, चवीला मीठ व जिरेपूड घालावी. यात साखर पुष्कळ असते, म्हणून हे सरबत रोज पेलाभर पिण्याचे पेय समजू नये.

सकाळचा शेक: गोड फळाला दूध, आंबट फळाला दही

आंबट फळातील आम्लामुळे दूध फाटते. अननस व पपई यांत प्रथिनांचे विघटन करणारी विकरे असतात, त्यामुळे ही ताजी फळे दुधात मिसळून ठेवल्यास दूध कडू होते. म्हणून आंबा, केळे, चिकू यांना दूध घ्यावे. जांभळाला दही घ्यावे. पपई व अननस यांच्या फोडी तशाच खाव्यात.

दूध रात्रीच उकळून, निववून फ्रीजमध्ये ठेवावे. खालील प्रमाण दोन पेल्यांचे आहे.

१) आंबा: गराच्या ८ वड्या, दूध ४०० मिलिलिटर. गरात साखर आहेच, वर घालू नये.
२) केळे: पिकलेली केळी २, दूध ४०० मिलिलिटर, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट २ चमचे.
३) चिकू: सोललेले चिकू ३, दूध ३०० मिलिलिटर, खजूर २.
४) जांभूळ: गराच्या ६ वड्या, दही १ वाटी, पाणी १ वाटी, चिमूटभर मीठ व जिरेपूड.

२०० मिलिलिटर दुधाच्या एका पेल्यातून सुमारे ६ ते ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यामुळे उपाशीपोटी शाळेत जाणाऱ्या मुलाला चांगला आधार होतो. तरीही शेक म्हणजे पूर्ण न्याहारी नव्हे. त्याबरोबर पोळी, भाकरी किंवा एखादा लाडू द्यावा. शेक गाळू नये, कारण गाळल्याने फळातील तंतू वाया जातात. बाहेरचा बर्फ घालू नये. गोठलेल्या वड्यांनी शेक आपोआप थंड होतो.

प्रौढ माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणून पेरू, केळे यांसारखे ताजे फळ बाराही महिने घरात असावेच. साठविलेला गर हा ताज्या फळाचा सोबती आहे, त्याला पर्याय नव्हे. घरात मधुमेही व्यक्ती असल्यास तिच्यासाठी शेक, पोळी व सरबत यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

बचत गटांसाठी

ज्या गावी आंबा, जांभूळ, फणस आहे, तेथील भगिनींनी हा गर व पोळी शहरातील गृहसंकुलांना थेट पुरविण्याचा विचार करावा. पोळीसाठी सौर वाळवणी यंत्र वापरल्यास धूळ, माशा यांपासून माल सुरक्षित राहतो.

आंब्याचा स्क्वॅश विक्रीसाठी करावयाचा झाल्यास १ किलो गर, १.६ किलो साखर, ३५ ग्रॅम सायट्रिक आम्ल व १.३५ लिटर पाणी घ्यावे. साखर, आम्ल व पाणी यांचा पाक करून गाळावा, निवल्यावर गर मिसळावा. यात गराचे प्रमाण २५ टक्के राहते. सुमारे ४ किलो स्क्वॅशला २ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट थोड्या पाण्यात विरघळवून घालावे. हे प्रमाण काट्यावर मोजूनच घ्यावे, चिमटीने नव्हे. जांभूळ व कोकम यांच्या पेयांना मात्र हे रसायन वापरू नये, त्याने रंग फिका पडतो. त्यांच्यासाठी सोडियम बेंझोएट, किलोला सुमारे ०.६ ग्रॅम, वापरावे.

विक्री करण्यापूर्वी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी करणे आवश्यक आहे. पाकिटावर घटक, वजन, तयार केल्याची तारीख व नोंदणी क्रमांक छापावा. पहिल्याच वर्षी मोठा माल करू नये. दहा-वीस घरांची आगाऊ मागणी घ्यावी, तेवढाच माल करावा आणि पुढील हंगामी वाढवावा. प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्राशी किंवा जवळच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयाशी संपर्क साधावा.

भगिनींनो, रायवळ आंब्याचे झाड आजोबांनी लावलेले असते आणि त्याला खत-पाणीही फारसे कोणी घालत नाही. तरी ते दरवर्षी आपल्या परीने देतच असते. त्याने दिलेले उचलून ठेवण्यासाठी हंगामातला एक दिवस काढा. जुलैतील एखाद्या पावसाळी सकाळी, गाडी गाठण्याच्या घाईत, मुलाच्या हाती आंब्याचा पेला देता येईल आणि त्याच्या डब्यात पोळीची पट्टी असेल.