उभ्या गाडीला वळसा घालताना आधी कोण जाणार?

ताईंनो, आपल्यातल्या कितीतरी जणी आता स्कूटीवरून बँकेत, बाजाराला जातात. म्हणून या वेळचा धडा रस्त्याचा.

मुंबईत गिरगावात खोताची वाडी आहे. जुनी लाकडी घरं, अरुंद गल्ल्या. अशा गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा असेल तर? आपल्या गावच्या तिठ्यावरही हेच होतं. टेम्पो आपल्या डाव्या बाजूला. त्याला वळसा घालायचा तर आपण समोरच्याच्या बाजूत शिरतो. म्हणून पहिला हक्क समोरून येणाऱ्याचा. आपण थांबायचं.

लक्षात ठेवा:
१. टेम्पोला चिकटून थांबू नका, पुढचं दिसत नाही.
२. आरसा बघा, मान वळवून मागे बघा, मग उजवा इंडिकेटर द्या.
३. टेम्पोआडून पोर किंवा गल्लीतून गाडी येऊ शकते. दिसत नसेल तर निघायचं नाही.
४. टेम्पोचं दार उघडलं तरी लागणार नाही एवढं अंतर सोडा.
५. मागचा हॉर्न मारतो म्हणून घाई नको. त्याला पुढचं दिसत नसतं.

हक्क आपला असला, पण समोरचा आधीच निघाला असेल, तर वेग कमी करा. हक्कापेक्षा जीव मोठा.

धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी करायला मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२२ नुसार मनाई आहे. आपली स्कूटीसुद्धा त्यात आली.

बैठकीत चर्चा करा: आपल्या गावात अशी जागा कोणती? ती ग्रामसभेत मांडा.